एकतिसावा प्रश्न

नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत मी कितीतरी मसुदे लिहिले, पण सगळ्यात जास्त वेळा खोडून पुन्हा लिहिला तो मसुदा माझ्या बायकोला उद्देशून होता. त्यात एकतीस प्रश्न होते. विषयाच्या ओळीत मी लिहिलं होतं, 'अर्जदार यांचेकडून माहिती मिळणेबाबत.' अर्जदार म्हणजे ती. धुळ्याच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज तिने केला होता, म्हणून कागदावर ती अर्जदार आणि मी सामनेवाला. एकोणीस वर्षं एका घरात राहून माणूस सामनेवाला होऊ शकतो, हे मला समन्स हातात पडलं तेव्हा कळलं.

मला घटस्फोट नको होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे काही केलं त्यावरून कुणालाही वाटेल की या माणसाला भांडणच हवं होतं. मला ती परत यायला हवी होती. पण 'परत ये' एवढं म्हणायला माझी जीभ उचलेना, आणि त्या दोन शब्दांच्या जागी मी प्रश्न काढत बसलो. प्रश्न काढणं मला सोपं जात होतं. माझी हयातच त्यात गेली होती.

जळगावात एका सरकारी कार्यालयात मी लिपिक म्हणून लागलो आणि वरिष्ठ लिपिक झालो. आधी आवक-जावक पाहिली, मग आस्थापना. कुणी उशिरा आला की खुलासा मागवायचा. कुणी न सांगता रजेवर गेला की खुलासा मागवायचा. फाइल सापडत नसेल तर ज्याच्या टेबलावरून गेली त्याचा खुलासा. या कामात माणसाला एक वाईट खोड लागते. माहिती विचारणं आणि खुलासा मागणं यातला फरकच त्याला कळेनासा होतो. मी घरी आल्या आल्या चप्पल काढता काढता विचारायचो, 'दूध का उतू गेलं?' 'फोन का उचलला नाहीस?' 'दार उघडायला एवढा वेळ?' मला वाटायचं, मी घरात लक्ष घालतोय.

आमचं लग्न तसं दोन टोकांचं. मी साक्रीकडचा, ती यावलजवळच्या केळीवाल्या गावातली. माझ्या घरात 'शे', 'बठ्ठा', 'माले'. तिच्या घरात 'हाये', 'समदं', 'मले'. सुरुवातीला ती माझ्या आईचं बोलणं ऐकून ओठ दाबून हसायची, आणि तिच्या मावशा माझं बोलणं ऐकून उघड हसायच्या. जळगावात संसार मांडल्यावर आम्ही दोघांनी आपापली बोली दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवली आणि घरात शहरी मराठी बोलायला लागलो. ती फक्त रागावली किंवा फार खूश झाली की 'मले' 'तुमाले'वर यायची. मूलबाळ झालं नाही. त्याचा सल दोघांनाही होता, पण त्यावरून आम्ही कधी एकमेकांना टोचून बोललो नाही, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

पहिल्याच वर्षातली एक गोष्ट सांगायला हवी. मी कार्यालयातले कागद घरी आणले होते. ती मागे उभी राहून वाचत होती. तिने विचारलं, 'निरंक म्हणजे काय हो?'

मी म्हणालो, 'दर महिन्याला वर माहिती पाठवायची असते. किती अर्ज आले, किती तक्रारी आल्या. एखाद्या महिन्यात काहीच नसलं की निरंक लिहून पाठवायचं.'

'काहीच नसलं तर पाठवायचं कशाला?'

'पाठवायचं. म्हणजे समोरचा वाट बघत बसत नाही.'

तिला तो शब्द फार आवडला. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात पोळ्यांवर चिठ्ठी होती: 'भाजी निरंक. ठेच्यावर भागवावे.' खाली लपेटीदार सही. कार्यालयात सगळ्यांनी ती चिठ्ठी हातोहात फिरवली. मग हा खेळच झाला. साखरेच्या डब्यावर 'निरंक', माठावर 'निरंक', एकदा मी तिच्या वाढदिवशी विसरून हात हलवत आलो तर दारावरच कागद, 'भेटवस्तू: निरंक. खुलासा करावा.' या चिठ्ठ्या कधी थांबल्या ते मला आठवत नाही. नोंद नाही.

आणि नोंद नाही म्हणजे नवल, कारण मी सगळ्याची नोंद ठेवणारा माणूस. नोकरीच्या सुरुवातीला माझं काम फिरतीचं होतं आणि रोजची दैनंदिनी लिहून साहेबांना दाखवावी लागायची. पुढे फिरती सुटली, दैनंदिनी सुटली नाही. रोज संध्याकाळी दिवे लागले की लांबट रजिस्टर काढायचं आणि चार ओळी लिहायच्या. गॅसचा सिलिंडर आला. नळाचा वॉशर बदलला. पाहुणे आले, गेले. काहीच घडलं नसेल त्या दिवशी अर्थातच, निरंक. तिला ते रजिस्टर आवडायचं नाही. पण ती त्यावरून भांडली नाही. ती भांडणारी नव्हतीच, आणि मला ते सोयीचं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिने धुळ्याला मुलींच्या एका वसतिगृहात गृहपाल म्हणून नोकरी धरली. 'तिथेच राहावं लागेल,' म्हणाली. मी विचारलं, 'येणार कधी?' ती म्हणाली, 'कळवते.' पहिले काही महिने ती रविवारी यायची, मग दोन रविवारांआड, मग दिवाळीलाही आली नाही. फोन केला की 'बोलू नंतर' म्हणायची. मग समन्स आलं. अर्जात तिने पोटगी मागितली नव्हती, घरातलं काही मागितलं नव्हतं, माझ्यावर मारहाणीचा किंवा दारूचा आरोपही नव्हता. असता तर मी तावातावाने खोडून काढला असता. तिने लिहिलं होतं, 'सामनेवाले यांचेसोबत राहणे शक्य नाही.' एवढंच. या वाक्याला काय उत्तर द्यायचं?

कार्यालयातले सगळे म्हणाले, चांगला वकील लाव. मी म्हणालो, 'कागद कसा लिहायचा हे मला वकील शिकवणार?' गर्व होता, दुसरं काही नाही. शिवाय आमच्या घरातलं कुणा काळ्या कोटवाल्याच्या फाइलीत जावं हे मला सहन होत नव्हतं. पुढे कळलं, तिनेही वकील लावला नव्हता.

धुळ्याच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली एक म्हातारे टायपिस्ट बसतात. टाइपरायटर केव्हाच गेला, आता मांडीवर लॅपटॉप आणि शेजारी स्टुलावर छोटा प्रिंटर. सगळे त्यांना नाना म्हणतात. मी पहिल्या तारखेला कागदांची पिशवी घेऊन उभा होतो तर तेच म्हणाले, 'भाऊ, वकील कोठे शे तुमना?'

माझी साक्रीची जीभ आपोआप सुटली. 'वकील नही नाना. मी एकलाच शे.'

त्यांनी मला प्रश्नावलीबद्दल सांगितलं. समोरच्याला लेखी प्रश्न काढता येतात, कोर्टाची परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली की 'समोरना माणूसले शपथवर उत्तर देनं पडस.' मला हे ऐकून इतका आनंद झाला की सांगता येत नाही. जी बाई फोनवर 'नंतर बोलू' म्हणत होती, तिला आता शपथेवर उत्तर द्यावं लागणार होतं. मी जळगावला परत येईपर्यंत बसमध्ये वहीच्या मागच्या पानावर नऊ प्रश्न लिहून काढले. आठवड्याभरात एकतीस झाले.

आज ते वाचवत नाहीत. 'अर्जदार यांनी घर सोडण्यापूर्वी सामनेवाले यांची पूर्वपरवानगी घेतली होती काय? असल्यास प्रत जोडावी.' 'दिवाळीस न येण्याचे सबळ कारण काय? खुलासा करावा.' 'लोणच्याची मोठी बरणी अर्जदार यांच्या ताब्यात आहे काय?' बरणीचं काय करायचं होतं मला! लोणचं घालणारी गेली होती. पण बरणी कपाटावर दिसत नव्हती म्हणून मी तीही लिहिली.

सगळ्यात शेवटचा, एकतिसावा प्रश्न मात्र मी तीन-चारदा लिहिला आणि तीन-चारदा खोडला. 'सामनेवाले यांचेसोबत न राहण्याचा निर्णय अर्जदार यांनी कोणत्या दिवशी घेतला?'

हाच एक प्रश्न मला खरोखर विचारायचा होता. आणि त्याच्या उत्तराची मला भीतीही वाटत होती. तिचे वडील, आबा, वारले त्या दिवशी मी उशिरा पोचलो होतो. कार्यालयात तपासणी चालू होती, साहेबांनी थांबायला सांगितलं, मी थांबलो. यावलच्या गाडीतून उतरून गावात गेलो तेव्हा सरण पेटलं होतं. ती माझ्याकडे बघून काही बोलली नव्हती. मला वाटायचं, तोच तो दिवस असणार. आणि तसं असेल तर माझी तयारी होती. रजेचा अर्ज, तपासणीचं पत्र, एसटीचं तिकीट, सगळं मी एका फाइलीत लावून ठेवलं होतं. तिने तो दिवस सांगितला की मी कोर्टासमोर माफी मागणार होतो, आणि तीही पुराव्यासह.

नानांनी प्रश्नावली टाइप करायला घेतली आणि दुसऱ्या पानावर थांबले. चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं.

'भाऊ, ह्या प्रश्न नही शेतस. हाई ते कारणे दाखवा नोटीस शे.'

'म्हंजे?'

'बाईले घर लयी येवानं शे का सस्पेंड करानं शे?'

मला राग आला. मी म्हणालो, तुम्ही टाइप करा. त्यांनी केलं. पण शेवटचा प्रश्न टाइप करताना ते सावकाश झाले आणि म्हणाले, 'हाऊ एक चांगला शे.'

न्यायाधीश बाई साधारण माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या असतील. त्यांनी पेन्सिल घेऊन सगळी पानं शांतपणे वाचली. बायको बाजूला उभी होती, बदामी साडीत, हातात पिशवी. वाळली होती. मला वाटलं विचारावं, जेवणखाण नीट करतेस ना. पण तो प्रश्न एकतीसमध्ये नव्हता.

'हे तुम्ही स्वतः लिहिलंत?' बाईंनी विचारलं.

'होय मॅडम.' खरं सांगायचं तर मी जरा ताठच झालो.

'खुलासा हा शब्द अकरा वेळा आलाय. तुम्ही नोकरीत जे लिहिता ते इथे चालणार नाही. इथे कुणी कुणाच्या हाताखाली नाही.'

मग पेन्सिलीने त्या एकेका प्रश्नावर रेघ मारत गेल्या. असंबद्ध. असंबद्ध. हा प्रश्न नाही, आरोप आहे. बरणीवर आल्या तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी माझे कित्येक मसुदे साहेबांच्या लाल शाईने रंगलेले पाहिलेत, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती. शेवटी एकच प्रश्न उरला. 'एकतिसावा राहू द्या. याचं उत्तर त्या देतील.' मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, 'तुम्हालाही सामनेवाल्यांना लेखी प्रश्न विचारायचे असतील तर विचारता येतील. घाई नाही.'

ती म्हणाली, 'विचार करून देते.'

हे वाक्य मी सोबत घेऊन घरी आलो. ती मला काही विचारणार होती. ज्याला माणूस काही विचारतो त्याच्याशी त्याचं काहीतरी शिल्लक असतं, असं मी स्वतःला सांगितलं. निदान भांडण तरी शिल्लक असतं.

पुढच्या तारखेला तिने उत्तर दिलं. एकच पान, तिच्या गोल अक्षरात, खाली शपथ आणि सही. 'प्रश्न: निर्णय कोणत्या दिवशी घेतला. उत्तर: आबा गेले त्यानंतरची पहिली आखाजी. त्याच्या आदल्या दिवशी. सामनेवाले रोज दैनंदिनी लिहितात. त्या दिवसाची नोंद त्यात असेल.' स्वतःचे प्रश्न मात्र तिने अजून दिले नव्हते. बाईंनी पुढची तारीख दिली.

कबूल करतो, मला हायसं वाटलं. आबा गेले तो दिवस नव्हता! ज्या दिवसासाठी मी फाइल लावून बसलो होतो तो नव्हताच. मग दुसरा कोणता तरी दिवस, काहीतरी शब्दाला शब्द झाला असेल, मी कडक बोललो असेन, ते नोंदीत सापडेल आणि मला नीट उत्तर देता येईल. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी उतरून चहा घेतला आणि गरम भजी खाल्ली. कितीतरी दिवसांनी तोंडाला चव होती.

घरी आल्याबरोबर कपडे न बदलता त्या वर्षाचं रजिस्टर काढलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी लिहिलं होतं, 'सण. पुरणपोळी, आमरस. जेवण उत्तम.' त्याच्या दोन दिवस आधी, 'पंखा दुरुस्त.' मधल्या दिवसापुढे एक शब्द होता.

निरंक.

मी पान उलटून पाहिलं, मागचं पाहिलं. शाई तीच, अक्षर माझंच. त्या दिवशी माझी बायको माझ्यापासून कायमची सुटली होती आणि माझ्या घरात काहीच घडलं नव्हतं. मी खूप आठवायचा प्रयत्न केला. काही म्हणजे काही आठवलं नाही. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही, पण त्याने काय होतं?

रविवारी धुळ्याला गेलो. वसतिगृहाच्या ओसरीवर ती डाळ निवडत बसली होती. मला बघून उठली नाही, पण 'बसा' म्हणाली आणि ताट बाजूला सरकवलं. मी बसलो. वाटेत मी तीन-चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरलो.

'रजिस्टर पाहिलं,' मी म्हणालो. 'त्यात काही नाही. त्या दिवशी काय झालं होतं?'

तिने हातातली डाळ ताटात सोडली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कदाचित मी पहिल्यांदाच तिला असं काही विचारत होतो ज्याचं उत्तर मला माहीत नव्हतं.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, हे मी खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. झोके, गौराई, मैत्रिणी. माहेरचं कुणीतरी मुऱ्हाळी होऊन न्यायला येतं. तिला सख्खा भाऊ नव्हता, आई आधीच गेलेली. एकोणीस वर्षांपैकी जितकी वर्षं आबा होते तितकी वर्षं तेच स्वतः यायचे. लेकीची चाळिशी उलटली तरी म्हातारा सकाळच्या गाडीने यायचा. हातात पिशवीतून डोकावणारी केळीची फणी. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसायचा, एक कप चहा घ्यायचा, दुसरा कधी घ्यायचा नाही, आणि दुपारच्या गाडीने लेकीला घेऊन जायचा. मी त्या दिवशी कार्यालयात असायचो. दैनंदिनीत लिहायचो, 'सासरे आले. सौ. माहेरी.'

'त्या सकाळी,' ती म्हणाली, 'तुम्ही डबा भरत होते. मी म्हटलं, यंदा मला न्यायला कोणी नाही. तुम्ही काय म्हणाले आठवतं?'

मी मान हलवली. नाही.

'बरं झालं, म्हणाले. यंदा सणाला घरी तरी राहशील.'

मग तिचं शहरी मराठी सुटलं. 'मले माहीत होतं, नवरा काई मुऱ्हाळी होत नसतो. तरी मी बसली. चांगली साडी नेसली, पिशवी भरली अन् आबाच्या खुर्चीवर बसली. वाटलं, तुमाले हापिसात गेल्यावर समजीन मी काय म्हटलं ते. अर्धी रजा टाकून याल. चल म्हनाल, मी पोचवतो. दुपारची गाडी गेली. मी बसेलच होती. संध्याकाळी तुम्ही आले अन् काय इचारलं?'

हे मात्र मला आठवलं. तिच्या तोंडून तो प्रश्न यायच्या आधीच आठवलं. दारातून आत आलो, ती नेसूनसवरून बसलेली, शेजारी पिशवी. मी चप्पल काढता काढता विचारलं होतं, 'कुठे गेली होतीस?' आणि ती म्हणाली होती, 'कुठेच नाही.' मग तिने उठून साडी बदलली, हरभऱ्याची डाळ भिजत घातली, दुसऱ्या दिवशी पुरण केलं. मी ते पोटभर खाल्लं आणि 'जेवण उत्तम' लिहिलं.

'चुकलं माझं,' मी म्हणालो.

'हो,' ती म्हणाली. राग नव्हता त्यात. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी उठलो, फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. म्हणालो, 'परत ये.' एवढे दोन शब्द म्हणायला मी अर्ज, समन्स, तीन तारखा आणि एकतीस प्रश्न घालवले होते. तिने ताट पुन्हा पुढे ओढलं. म्हणाली, 'माझा कागद कोर्टात देते. पुढच्या तारखेला.'

ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. ती काय विचारेल? मी अंदाज बांधत बसलो आणि तिच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहायला लागलो. तुम्ही ऐकत का नव्हता? तुम्ही आबांच्या वेळी साहेबांना 'मी जातो' असं का म्हणाला नाहीत? चिठ्ठ्या बंद झाल्या ते तुमच्या लक्षात आलं होतं का? मी खरी उत्तरं लिहिली. 'लक्षात आलं नाही.' 'साहेबांना घाबरलो.' 'मला वाटायचं, तू कुठे जाणार आहेस.' त्यात कुठेही 'सबब' किंवा 'सदरहू' आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचा खुलासा लिहिला. चार पानं झाली. ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि तारखेच्या दिवशी पहिल्या गाडीने निघालो. पारोळ्याला गाडी थांबली, मी उतरलो नाही.

नाना लिंबाखाली होते. त्यांनी हात वर केला. 'आज काय टाइप करानं शे, भाऊ?'

'काही नही नाना. आज मी उत्तर लिखी लयेल शे.'

ते हसले. 'मंग बरं शे.'

आत पुकारा झाला. तिने पुढे होऊन बाईंच्या टेबलावर एक कागद ठेवला आणि एक प्रत माझ्या हातात दिली. आमच्या बोटांना बोटं लागली नाहीत. तिने कागदाची कड धरली होती, मीही कड धरली. माझा डावा हात आपोआप खिशातल्या चार पानांवर गेला.

कागद अगदी रीतसर होता. वर उजवीकडे दिनांक. मग विषय: सामनेवाले यांना विचारावयाच्या प्रश्नांबाबत. मग संदर्भ: मा. न्यायालयाचा तोंडी आदेश. समास सोडलेला, अक्षर गोल, कुठे खाडाखोड नाही. एखाद्या नव्या लिपिकाला नमुना म्हणून दाखवावा असा कागद. खाली लपेटीदार सही, डब्यातल्या चिठ्ठीवर असायची तशीच. आणि मध्ये, एकाच ओळीत, एकच शब्द.

निरंक.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. 'म्हणजे तुम्हाला काहीच विचारायचं नाही?'

'नाही मॅडम.'

'मग हा कागद कशासाठी दिलात? नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं.'

ती माझ्याकडे बघत नव्हती. बाईंनाच सांगत होती, शाळेतला पाठ केलेला धडा सांगावा तसं, सावकाश.

'काही नसलं तरी लिहून द्यायचं असतं मॅडम. म्हणजे समोरचा वाट बघत बसत नाही.'